कस्तुराबाईच्या करडांची डाल

मित्रांनो, मी निरगुडीच्या फोकांची एक जुनी डाल आहे. एका अंगाला थोडी झुकलेली आहे, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही माझं बोलणं सोडून माझ्या वाकडेपणाकडेच बघत बसाल. डाल म्हणजे काय, हे तुमच्यातल्या काहींना ठाऊक नसेल. डाल म्हणजे मोठी, गोल, खोल टोपली. इतर टोपल्या उताण्या असतात आणि त्यांच्यात लोक काहीबाही भरतात. मी जन्मभर उपडी. माझ्या पोटाखाली शेळ्यांची करडं राहतात. कांदे, शेण, माती वाहणाऱ्या टोपल्या आमच्या गावात पुष्कळ आहेत. आमच्या घरात जिवंत लेकरं सांभाळणारी मी एकटीच, आणि या गोष्टीचा मला गर्व आहे. गर्व करू नये म्हणतात, पण मी करते.

उदगीरपासून आत, कर्नाटकाच्या सीमेकडच्या एका गावात, किशनरावांच्या आखाड्यावर मी राहते. आमच्याकडे शेतातल्या राहत्या गोठ्याला आखाडा म्हणतात. तिथे कुस्त्या होत नाहीत. दोन खोल्या, पुढे पत्र्याचं छप्पर, छपराखाली सात-आठ काळ्या शेळ्या आणि चारी बाजूंना तूर आणि हरभरा, एवढाच आमचा पसारा.

बारा वर्षांपूर्वी किशनरावांनीच मला विणलं. ओढ्याकाठच्या निरगुडीचे बोटाएवढे जाड फोक त्यांनी कापून आणले, पाला काढला आणि ओले असतानाच विणायला घेतले. डाल विणायची त्यांची पहिलीच वेळ. मी निम्मी झाले असेन-नसेन, तेवढ्यात वीज आली. वीज आली म्हणजे मोटार सुरू करायला पळालंच पाहिजे, कारण ती कधी जाईल याचा नेम नाही. हरभऱ्याला पाणी देऊन किशनराव परत आले तोवर उन्हात पडलेले फोक एका बाजूनं वाळून ताठ झाले होते. ती बाजू आखडली ती आखडलीच. त्यांची बायको कस्तुराबाई भाकरी घेऊन आली, मला चहूकडून न्याहाळलं आणि म्हणाली, "ही डाल हाय का नवरदेवाची कललेली टोपी?"

"करडाला आतून काय दिसतंय?" किशनराव म्हणाले.

कस्तुराबाईनं हसत हसत माझा माथा शेणानं सारवला आणि वारा खेळावा म्हणून खालच्या फटी मोकळ्या ठेवल्या. त्या दिवसापासून मी तिची झाले. तिला मी अहो-जाहो करत नाही. इतकी वर्षं जवळ राहिल्यावर ते परकं वाटतं.

कस्तुराबाईचा हात शेळ्यांच्या बाळंतपणात फार हुशार. शेळी जागच्या जागी फिरायला लागली, खुरानं जमीन उकरायला लागली, की ती हातातलं काम टाकून येते. करडू जमिनीवर आलं की आधी त्याच्या नाकातोंडातला चिकटा बोटानं काढते, मग त्याला शेळीच्या तोंडापुढे ठेवते. शेळी चाटून चाटून त्याला कोरडं करते आणि उरलेलं काम जुनं गोणपाट करतं. नाळ दोऱ्यानं बांधून कापायची, तिला हळद लावायची, खुरांच्या टोकाचा मऊ पिवळा भाग नखानं खुडायचा. हे सगळं झालं की ती माझ्या पाठीवर दोनदा टकटक करते आणि म्हणते, "घे गं, पाव्हणे आले."

ते पाहुणे माझ्याखाली आले की काय गोंधळ घालतात म्हणून सांगू! एक माझी कड चावतं, दुसरं पहिल्याच्या पाठीवर चढून मला डोकं मारतं, तिसरं कोपरा नसलेल्या माझ्या पोटात कोपरा शोधत फिरतं आणि शेवटी थकून झोपतं. दिवसभर शेळ्या बांधाबांधानं चरत असतात. करडं बरोबर नेली तर ती दमतात, मागे राहतात, आणि कुत्री टपलेलीच असतात. म्हणून ती माझ्याखाली आणि माझ्या डोक्यावर एक दगड. एकदा भर दुपारी एक भुकेलं कुत्रं आलं. त्यानं माझ्याभोवतीची माती उकरली, नाक खुपसलं, दात लावले. माझे दोन फोक मोडले, पण मी हलले नाही. आत पाच करडं होती. किशनरावांनी ते मोडलेले फोक सगळ्या पाहुण्यांना वर्षभर दाखवले. मला ते फार आवडायचं, खोटं कशाला बोलू?

संध्याकाळी शेळ्या बांधावरून दिसायला लागल्या की माझ्या पोटात एकच ओरडा सुरू होतो. कस्तुराबाई दगड काढते, मला उचलते, आणि सगळी करडं चार पायांवर उड्या मारत सुटतात. सगळ्या शेळ्या काळ्या, सगळी करडं काळी, पण एकही करडू चुकत नाही. ज्याची त्याची आई ज्याला त्याला सापडते. शेपट्या हलायला लागतात आणि आखाड्यावर नुसता चुटूचुटू आवाज. त्या वेळी मी बाजूला रिकामी पडलेली असते, पण माझ्याइतकं भरलेलं त्या अंगणात दुसरं कोणी नसतं.

आसपासच्या आखाड्यांवरही कस्तुराबाईचं नाव होतं. कुणाची शेळी अडली की पोरं पळत यायची. नव्यानं लग्न होऊन आलेल्या सुनांना शेळी कशी सोडवायची, म्हणजे तिचं बाळंतपण कसं करायचं, हे तीच शिकवायची. तिनं शिकवलेल्या गोष्टींत एक गोष्ट फार कडक होती. व्याल्यानंतर काही वेळानं शेळीचा जार पडतो, म्हणजे करडू ज्या पिशवीत वाढलं ती पिशवी बाहेर येते. तो जार पडल्याशिवाय करडाला दूध पाजायचं नाही. आधी पाजलं तर जार वर चढतो आणि शेळी जाते, असं तिला तिच्या सासूनं सांगितलं होतं आणि सासूला तिच्या सासूनं. म्हणून करडं कोरडी झाली की ती आधी माझ्याखाली यायची, जार पडेपर्यंत थांबायची आणि मगच पहिला पिवळा, दाट चीक प्यायची. बहुतेक वेळा जार तास-दीड तासात पडायचा. दरसाल एखाददुसरं करडू दगावायचं. ते चालायचंच, असं सगळे म्हणत आणि मीही म्हणत होते.

मागच्या हिवाळ्यात मात्र पाच करडं गेली. एका हिवाळ्यात पाच. सगळी माझ्याखाली. जन्मून एक-दोन दिवस होतात न होतात तोच कान गार, मान टाकलेली. कस्तुराबाई मला उचलायची आणि नुसती बघत उभी राहायची. पाचव्या वेळी शेजारच्या आखाड्यावरची मंदोदराबाई तिथे होती. ती म्हणाली, "कस्तुरे, मला लई दिसापासून शक हाय. ही डालच वाकडी. हिच्याखाली लेकरू ठिवू न्हाई."

मित्रांनो, त्या बोलण्याचं मला वाईट वाटलं. त्याहून वाईट हे, की मला ते पटलं. मेलेली करडं माझ्याच पोटाखाली सापडत होती. कुत्र्यापुढे न हललेली मी, स्वतःच्या मनात मात्र हलले.

कस्तुराबाई मला त्याच दिवशी चुलीत घालणार होती. किशनराव आडवे आले. "एक येत बघू," ते म्हणाले. येत म्हणजे शेळीचं एक बाळंतपण. "कवडी शेळी पुढल्या हिवाळ्यात व्यायची हाय. तिच्या येताला वापरू. तिचं एक जरी करडू गेलं, तर मीच कोयत्यानं हिचे तुकडे करून देतो. मग पाणी तापव."

एवढ्यावर ठरलं. तोवर मला तुराट्यांच्या ढिगामागं टाकलं. उन्हाळ्यात दोन शेळ्या व्याल्या, त्यांची करडं घरात खाटेखाली ठेवली. त्यातलंही एक गेलं. ते कोणी माझ्या माथी मारलं नाही, पण त्यावरून माझी सुटकाही कोणी केली नाही. एक कोंबडी माझ्यात अंडी घालून गेली. मी डाल आहे, खुराडं नाही, हे तिला कोण सांगणार?

यंदा मार्गशीर्षात कवडीचे दिवस भरले. कवडी म्हणजे आमची सर्वांत देखणी शेळी. काळीभोर, कानांवर पांढरे ठिपके. सकाळी नऊच्या सुमारास, बोचरा वारा सुटलेला असताना, ती व्याली. किशनराव तूर कापायला गेले होते, मुलगा हरिओम उदगीरला आडतीवर कामाला गेला होता. आखाड्यावर कस्तुराबाई आणि तिची सून अंबिका, दोघीच. अंबिका सीमेपलीकडच्या भालकीकडची. तिची लेक दोन महिन्यांची होती. अंबिकाला माहेरी आई नाही, म्हणून तिचं बाळंतपण कस्तुराबाईनंच केलं होतं, उदगीरच्या दवाखान्यात तिच्या उशाशी बसून.

कवडीला तीन करडं झाली. पहिली दोन अंगानं बरी, तिसरं अगदी बारकं. कस्तुराबाईनं तिघांना पुसलं, नाळा बांधल्या, खुरं खुडली आणि मला ढिगामागून ओढून आणलं. या वेळी तिनं माझ्या पाठीवर टकटक केलं नाही. तिन्ही करडं माझ्याखाली सरकवली आणि जार पडायची वाट बघत बसली.

मी माझ्या सगळ्या फटी आवळून घ्याव्यात असं मला वाटत होतं. वारा आत शिरत होता. करडं ओरडत होती. एक तास झाला. कवडी उभी होती, चारा खात होती, जार काही पडत नव्हता. अंबिका खाटेवर बसून लेकीला पाजत होती. दुसरा तास सरत आला तेव्हा तिसऱ्या करडाचं ओरडणं थांबलं. मला ते कळलं, आणि अंबिकालाही कळलं.

"आत्याबाई, बारक्याचा आवाज बंद झालाय," ती म्हणाली.

"जार पडू दे. मग पाजू."

"किती येळ झाला?"

"पडंल की. कवडीचा उशिराच पडतो."

अंबिकानं मांडीवरच्या लेकीकडे पाहिलं. मग म्हणाली, "आत्याबाई, एक इचारू का? राग मानू नका."

"इचार."

"ही झाली तवा नर्सबाईनं हिला लगेच माझ्या अंगावर दिली. तुम्हीच हिचं डोकं धरलं होतं. माझी वार पडायची होती अजून."

"मग?"

"नर्सबाई म्हणली, लेकरू पिलं की वार बी लवकर सुटते. अन् सुटली. तुम्ही हुत्या तिथं."

"माणसाचं येगळं, शेरडाचं येगळं," कस्तुराबाई जरा चढ्या आवाजात म्हणाली. "जार वर चढला अन् कवडी गेली तर? तीन लेकरांची आई जाईल. मग ही कुणाच्या जिवावर जगतील? तू सांभाळशील?"

अंबिकाला उलट बोलायची सवय नव्हती. पण मग हळूच म्हणाली, "कवडीचं मला म्हाईत न्हाई, आत्याबाई. पण बारकं आताच चाललंय."

कस्तुराबाईनं मला उचललं. बारकं करडू मातीत आडवं पडलं होतं. तिनं त्याच्या तोंडात बोट घातलं आणि तिचा हात तिथेच थांबला. तोंड आतून गार पडलं होतं. ही खूण तिला कोणी शिकवायला नको होती. मागच्या हिवाळ्यात पाच वेळा तिनं असंच बोट घातलं होतं.

ती करडाला मांडीवर घेऊन बसली आणि स्वतःशीच बोलल्यासारखं बोलायला लागली. "मागल्या साली गंगीचा जार कवा पडला होता गं?"

"मी नवीनच हुते, आत्याबाई. ध्यानात न्हाई."

"दुपार कलली होती. तिची दोन्ही गेली. लंगडीचा सांजच्याला पडला. तिची बी दोन्ही गेली. चांदीचा बी लई उशिरा पडला, तिचं एक होतं ते गेलं. काळीचा लगेच पडला." तिचा आवाज बारीक होत गेला. "काळीचं जगलं. कोपऱ्यात चारा खाऊन राहिलंय, ते काळीचंच."

मित्रांनो, मी तिच्या शेजारी आडवी पडले होते. तिच्या तोंडून एकेक नाव निघत होतं तशी माझ्या फोकाफोकांतून एकेक गाठ सुटत होती. मी बारा वर्षं करडं झाकली आणि मला हे दिसलं नव्हतं. शेळ्यांचं दुखणंखुपणं सगळ्यांत आधी ओळखणाऱ्या कस्तुराबाईलाही दिसलं नव्हतं. आता तिला दिसलं, आणि ते किती दुखत होतं तेही मला दिसलं.

पण ती रडत बसली नाही. उठली, कवडीला दाव्याला धरलं आणि सडांच्या तोंडाशी बसलेला चिकट बोळा पिळून काढला. पिवळा चीक यायला लागला. पहिल्या दोघांना तिनं सरळ सडाला लावलं. तिसऱ्याला ओढायची ताकद नव्हती. "काईतरी दे गं पाजायला," ती म्हणाली. अंबिका आत गेली आणि स्वतःच्या लेकीचं बोंडलं घेऊन आली. कस्तुराबाईनं एकदा बोंडल्याकडे पाहिलं, एकदा सुनेकडे.

"घासून घिऊ की मग," अंबिका म्हणाली. "लेकराचंच हाय ते."

कस्तुराबाईनं बोंडल्यात चीक काढला. एका हातानं करडाची हनुवटी धरली, घसा चोळत चोळत थेंब थेंब सोडला. पहिले थेंब बाहेर ओघळले. मग एक घोट गेला. मग दुसरा. अंबिकानं करडाला गोणपाटात गुंडाळून उन्हाच्या बाजूला धरलं. बऱ्याच वेळानं कस्तुराबाईनं पुन्हा त्याच्या तोंडात बोट घातलं, तर करडानं ते बोट चोखलं.

आणि तिकडे दोन करडं ढुशा देत पीत असतानाच कवडीचा जार पडला. वर चढला नाही, अडकला नाही. सरळ जमिनीवर पडला.

दोघी सासू-सुना त्याच्याकडे बघत राहिल्या. मग कस्तुराबाई खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. "माझ्यापायी गेली गं ती," ती म्हणाली. अंबिका तिच्याजवळ गेली. खांद्याला खांदा लावून बसली.

तिन्ही करडं माझ्याखाली आली ती पोट भरल्यावर. पहिल्याच खेपेला पोट भरून आलेली, अशी जड, ऊबदार, झोपाळू करडं मी आजवर झाकली नव्हती. दिवस मावळायच्या आत बारकंही पायांवर उभं राहिलं आणि त्यानं माझ्या कडेला पहिला चावा घेतला. मला जितका आनंद त्या चाव्याचा झाला तितका कधी कशाचा झाला नाही.

किशनराव आले ते दारातूनच विचारत. "किती हायत? तीन? काढू का कोयता?"

"कोयता ठिवा जागेवर," कस्तुराबाई म्हणाली. "डालीचा काई कसूर न्हाई."

"मग कुणाचा?"

"माझा."

किशनराव थट्टा करायच्या बेतात होते, पण तिचा चेहरा बघून त्यांनी ती सोडून दिली. ते माझ्याजवळ आले, वाकले आणि माझ्या आखडलेल्या बाजूवरून एकदा हात फिरवून गेले.

तिन्ही करडं आता पळती झाली आहेत. पण माझ्या अभिमानाची खरी गोष्ट त्यानंतरची आहे. गेल्या पंधरवड्यात मंदोदराबाईची शेळी व्याली. सकाळी तिनं निरोप पाठवला, कस्तुराला म्हणावं ये, आणि येताना डाल घेऊन ये. हो, तीच मंदोदराबाई आणि हीच वाकडी डाल. कस्तुराबाई मला डोक्यावर घेऊन निघाली. वाटेत मी थोडी मिरवले. तेवढा माझा हक्क होता.

अंगणात चार-पाच बायका जमल्या होत्या. त्यांतल्या बहुतेकींना शेळी सोडवायला कस्तुराबाईनंच शिकवलं होतं. दोन करडं झाली. दोन्ही पुसून झाली, नाळा बांधून झाल्या, तशी मंदोदराबाईनं मला पुढं ओढलं. कस्तुराबाईनं मला बाजूला सारलं आणि एक करडू उचलून सरळ सडाला लावलं.

"अगं, काय करून राहिली?" मंदोदराबाई दचकून म्हणाली. "जार पडायचाय अजून."

"पडंल. याला पिऊ दे आधी."

"तूच तर शिकवलंस मला. लगीन होऊन आले तवा, याच अंगणात. जार पडल्याबिगर थेंब पाजायचा न्हाई म्हणून."

कस्तुराबाईला तिथे काहीही सांगता आलं असतं. दवाखान्याचं नाव सांगता आलं असतं, दिवस बदलले म्हणता आलं असतं, माझ्यावर ढकलता आलं असतं. गावात तीस वर्षं मिळवलेलं नाव होतं ते.

"हाव, मीच शिकवलं," ती म्हणाली. "तवा मी चुकले. माझ्या शब्दावर तुमच्या गोठ्यात किती गेली, ते मला सांगू नका, मला झोप येणार न्हाई. पण आजपासून आधी पाजा. हे मला माझ्या सुनेनं दाखवलं, अन् आता मी तुम्हाला सांगून राहिले."

मंदोदराबाई खाली बसली, तिनं दुसरं करडू उचललं आणि स्वतःच्या हातानं सडाला लावलं.

मित्रांनो, कुत्र्यापुढे मी हलले नाही याचा मला अभिमान होता. पण त्या अंगणात चार बायकांपुढे उभी राहिलेली कस्तुराबाई पाहिली आणि मला कळलं, मी ज्या बाईची डाल आहे तिच्यापुढे माझा तो अभिमान अगदीच थोडा आहे. तुमच्या घरी, तुमच्या मामाच्या गावी कधी शेळी व्याली, तर एवढं माझं ऐका. करडू जन्मलं की त्याला आधी आईपाशी न्या, पोटभर पिऊ द्या, आणि मग झाकायला माझ्याकडे आणा. मी वाट बघेन. मला थांबता येतं, करडाला येत नाही.